वरच्या खोलीचं वायफाय

१७ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचा, आणि चक्क छान वाटतंय. पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्स, दोंडाईच्याला उतरून एसटी, आणि सकाळी साडेनऊला सारंगखेड्याच्या स्टँडवर मी, माझी बॅग आणि माझ्याकडे टक लावून बघणारी पंधरावीस माणसं. थंडी मस्त आहे. तापी एवढी रुंद असेल असं वाटलं नव्हतं. सहा महिने शेतकऱ्यांच्या बांधावरून मातीचे नमुने पिशवीत भरायचे, अनुभवाचा दाखला घ्यायचा आणि पुण्याला परत. ही वही त्यासाठीच आणली आहे. इथल्या गमती लिहून ठेवायच्या आणि शनिवार पेठेतल्या टोळक्याला वाचून दाखवायच्या.

ऑफिस म्हणजे स्टँडसमोरचे दोन गाळे. शिपाई रतिलाल, पन्नाशीचा, सतत तंबाखू मळणारा. त्याने पहिलंच वाक्य काय टाकावं? "मांगला साहेब पयी गया. ना चिठ्ठी ना चपाटी. तुम्ही तरी ऱ्हाशात का?" मागचा साहेब पळून गेला म्हणे. दिनेश नावाचा कोणी नाशिकचा पोरगा, ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी कामावर आलाच नाही. त्याचा ऑफिसचा मोबाइल तेव्हा काच बदलायला शहाद्याला दिलेला होता, तो आता माझ्या हवाली झाला. पळपुट्याची जागा आणि पळपुट्याचा फोन. असो.

राहायचीही सोय झाली. नवनीतभाई नावाचे एक शेतकरी स्वतःच ऑफिसात येऊन बसले होते. पांढरा पायजमा, कानात अत्तराचा फाया, हसताना डोळे बारीक. गावाबाहेर पपईच्या बागेत त्यांचा बंगला आहे, वरची खोली बांधल्यापासून रिकामी, अजून कोणाचा पाय लागला नाही म्हणाले. अट एकच, जेवण खाली घरात करायचं. शहरी माणूस घरात असण्याचं यांना अप्रूप असतं. राहू दे अप्रूप.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

खोली निळ्या ऑइलपेंटने रंगवली आहे. हा रंग माणूस शुद्धीवर असताना निवडू शकत नाही. पण हवेशीर आहे, खिडकीतून बाग आणि पलीकडे नदीवरचा पूल दिसतो.

घरातली मंडळी आधी लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन. लक्षात ठेवण्यासारखी कोणी नाहीत. नवनीतभाई म्हणजे बायकोच्या ताटाखालचं मांजर. बायको चारुलताकाकू, सारखी काहीतरी वाढणारी, सारखी माझ्या तोंडाकडे बघणारी. नवनीतभाईंची आई भिकुबाई, ऐंशीची, ओट्यावर बसून कोणालाच न कळणारं पुटपुटणारी. आणि खालच्या मागच्या खोलीत त्यांचा मुलगा अजित, माझ्याच वयाचा. तीन वर्षांपूर्वी पुलावरून नदीत पडला, तेव्हापासून अंथरुणावर. त्याला दाखवत नाहीत. मीही बघायला मागितलं नाही.

आजची गंमत. माझ्या मोबाइलला खोलीत रेंज नाही. दिनेशचा फोन टेबलावर ठेवला, तर तो आपोआप वायफायला जोडला गेला! 'अजित होम' नावाचं नेटवर्क. म्हणजे या पपईवाल्यांकडे वायफाय आहे. मला माझा मोबाइल आणि लॅपटॉप जोडायचा होता. खाली जाऊन काकूंना पासवर्ड विचारला असता तर त्यांनी बहुतेक गूळ आणून दिला असता. म्हणून दिनेशच्या फोनमध्येच शोधला. सेटिंग, वायफाय, नेटवर्कच्या नावावर बोट, मग शेअर. पॅटर्न मागतो, तो रतिलालने सांगितला होता. चौकोनी कोड येतो आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत पासवर्ड. दहा सेकंदांचं काम.

इंग्रजी अक्षरांत सलग लिहिलेलं होतं: मीअजितनाही.

मोठ्याने हसलो. नेटवर्कचं नाव अजित आणि पासवर्ड मी अजित नाही. हा विनोद या घरातल्या कोणाच्या डोक्यातून निघणं शक्य नाही. म्हणजे दिनेशने यांना राउटर बसवून दिला असणार.

जेवताना नवनीतभाईंना विचारलं की दिनेश इथे यायचा का. म्हणाले, नाही, त्याचं तोंडही पाहिलं नाही. फोन तर घरातल्यासारखा जोडला गेला. ही माणसं काहीही कारण नसताना खोटं बोलतात. सवय असते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर उन्हात. शेतात इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करायचा, कडेची माती खरवडायची, पिशवीवर चिठ्ठी लावायची, फोनमध्ये जागा नोंदवायची. शेतकरी भोवती गोळा होऊन विचारतात की मातीला काय झालं आहे. मी म्हणालो, मालक लाभला आहे. कोणाला कळलं नाही.

रतिलाल परत येताना अजितची कथा सांगत होता. मी अर्धी ऐकली. पोरगा पुलावरून पडला, गाववाल्यांनी चार दिवस नदी शोधली, काही मिळालं नाही. मग वर्षभराने आईबापांनी त्याला सुरतेच्या दवाखान्यातून आणलं म्हणे. वाहत गेलेला कोणीतरी काढला होता. तेव्हापासून गावात कोणी त्याला पाहिलेला नाही. रतिलालला यात काहीतरी गूढ वाटतं. त्याला एसटी वेळेवर आली तरी गूढ वाटतं. मी त्याला सांगितलं की साहेबाशी गप्पा मारायच्या नसतात, फावडं धुऊन ठेव. तो गप्प झाला. बरं झालं.

संध्याकाळी काकू वर दूध घेऊन येतात, वेलदोडा घालून, पितळी पेल्यात. पिऊन होईपर्यंत उभ्या राहतात. आज मला हाक मारताना त्यांच्या तोंडून "अजित" निघालं. लगेच जीभ चावली. मी मोठ्या मनाने काही म्हणालो नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

म्हातारी बोलली. दुपारी घरात कोणी नव्हतं, मी ओट्यावरून वर जात होतो, तिने माझा पायजमा धरला. बोटं म्हणजे वाळलेल्या शेंगा. तिचं ते अहिराणी मी मुद्दाम जसंच्या तसं लिहून ठेवतोय, पुण्यात नक्कल करायला उपयोगी पडेल:

"आठे नको ऱ्हाऊ रे भाऊ. अजित पानीमा गया, तीन वरीस झायात. हाऊ मझार पडेल शे तो अजित न्हई शे. पहिला एक मरी गया, हाऊ दुसरा. ती तुले बी अजित करी टाकी. जाय, आजच जाय."

माझ्या समजुतीप्रमाणे अर्थ असा: अजित नदीत मेला. आत पडलाय तो अजित नाही. आधी एक मेला, हा दुसरा. ती, म्हणजे सून, मलाही अजित करून टाकेल. आजच जा.

सासूचा सुनेवरचा राग हा प्रकार मला माहीत होता. पण हा म्हणजे कळस. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. ती रडत होती, की नुसतंच तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. या वयात ते काही वेगळं नसतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

रात्रीच्या जेवणावर काकूंना म्हातारीची गोष्ट सांगितली. अगदी नक्कल करून, "करी टाकी" वगैरे. नवनीतभाईंचा घास हातातच राहिला. काकू मात्र पदर तोंडाला लावून खूप हसल्या. म्हणाल्या, "सासूबाईंचं वय झालं, साहेब. मनावर घेऊ नका." मीही हसलो. शेवभाजी बरी होती.

२४ नोव्हेंबर, सोमवार

भिकुबाई ओट्यावर नाही. म्हसावदला लेकीकडे पाठवली, असं नवनीतभाई माझ्याकडे न बघता म्हणाले. एवढ्या सकाळी कशी गेली, विचारलं नाही. तिची काठी दाराच्या कोपऱ्यात तशीच उभी आहे. काठीशिवाय ती ओट्याच्या दोन पायऱ्या उतरत नाही, हे मी आठवडाभर पाहतोय.

घरातली कटकट गेली, एवढंच.

२६ नोव्हेंबर, बुधवार

कालपासून अंगात कणकण. पाय दुसऱ्या कोणाचे असावेत तसे. शेतात खड्डा खणताना बसलो तो उठता येईना, रतिलालने काखेत हात घालून उठवलं. त्याच्या तंबाखूचा वास अजून शर्टाला आहे.

काकूंनी इंजेक्शन दिलं. सराईत हात. लग्नाआधी सुरतेत सहा वर्षं नर्स होत्या म्हणे. मला तर वाटलं होतं यांना लिहिता-वाचता येतं की नाही. दुपारी नवनीतभाई घरीच न्हावी घेऊन आले. मी झोपेत होतो. जागा झालो तेव्हा मिशी नव्हती आणि भांग डावीकडून उजवीकडे गेला होता. आजारी माणसाला मोकळं वाटतं, म्हणाले. विचारायची पद्धत नाही या लोकांत. माझा घामेजलेला शर्ट धुवायला नेला आणि तपकिरी चौकड्यांचा एक जुना दिला. खांद्यात अगदी बरोबर बसला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

खाली मोरीकडे जाताना मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. अजित दिसला. भिंतीकडे तोंड करून पडलेला, मान वळवून माझ्याकडे बघत होता. ओठ हलत होते, लाळ गळत होती. मला किळस आली. मी दार ओढून घेतलं.

काकूंनी पाहिलं बहुतेक. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "घाबरलास का, बेटा?"

साहेबावरून बेटा. आठवडाभरात. आईला सांगायला फोन शोधला, मिळाला नाही. काकू म्हणतात, चार्जिंगला लावलाय.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दोन दिवस उठलो नाही. आज दुपारी जरा शुद्ध आहे. सकाळचं दूध मी ओकून टाकलं, त्यामुळे असेल. ओकताना दुधाचा संशय आला नव्हता.

दिनेशचा फोन माझ्या सॅकच्या तळाशी, मातीच्या रिकाम्या पिशव्यांत राहिला होता. त्यांना सापडलेला नाही. आमच्या ॲपवर रोज सकाळी हजेरीचा सेल्फी काढावा लागतो. नुसताच पडून कंटाळा आला म्हणून दिनेशचे फोटो चाळत होतो, हा पळपुटा दिसतो कसा ते बघायला.

सप्टेंबरचे फोटो स्टँडवरचे. जाड मिशी, दाट कुरळे केस, दात दाखवणारा पोरगा. ऑक्टोबरच्या अकरा तारखेपासून मागे निळी भिंत. ही भिंत. याच खिळ्याला त्याचा टॉवेल.

चौदा ऑक्टोबरला भांग उजवीकडे. सोळाला मिशी नाही. अठराला तपकिरी चौकड्यांचा शर्ट. एकवीस तारखेला तो हसत नाही. तेवीसला डोळे अर्धे मिटलेले, आणि फोटोच्या कडेला खांद्यावर एक हात, काकूंच्या हिरव्या बांगड्यांचा. त्यानंतर फोटो नाहीत. त्यानंतर फोन दुरुस्तीला.

शर्ट काढून फेकला. थंडीत उघडा बसून हे लिहितोय.

म्हणजे तो पासवर्ड त्याने गमतीने टाकला असणार. सुरुवातीला. ती त्याला सारखी अजित म्हणायची म्हणून. मीही हसलोच होतो की.

३० नोव्हेंबर, रविवार

दूध प्यायलो नाही. काकू उभ्या होत्या, तोंडात धरलं आणि त्या वळल्यावर खिडकीतून टाकलं. दुपारी दोघं बागेत पपई उतरवायला गेली. भिंत धरून जिना उतरलो. बावीस पायऱ्या. बाहेरच्या दाराला कुलूप. मी आत असताना बाहेरून कुलूप.

मागच्या खोलीचं दार उघडलं. तो जागा होता. केस कापलेले, पण गालांवर दाढीचे खुंट, आणि कानामागे कुरळे केस परत येऊ लागलेले. मी त्याच्याकडे वाकलो. तो म्हणाला, आणि प्रत्येक शब्दाला वेळ घेतला:

"मी अजित नाही."

मी म्हणालो, दिनेश? त्याचे डोळे असे भरले की मला बघवेना. गुरुवारी याच माणसाकडे मी लाळ गाळणारा म्हणून पाहिलं आणि दार ओढून घेतलं. तीन पावलांवरून.

त्याला उचलायचा प्रयत्न केला. काही वजन नाही त्याच्यात, पण माझ्यातच काही नाही. दोघंही जमिनीवर. तो म्हणत होता, दूध नको, दूध नको. मी वायफायवरून कोणाला तरी कळवावं म्हणून फोन काढला. राउटर बंद. दिवाच नाही. ज्या बाईला पासवर्ड म्हणजे काय ते कळणार नाही असं मी समजलो, तिने जाताना वायर काढून नेली होती.

दारात ती उभी. किती वेळ, कोण जाणे. रागावली नाही. म्हणाली, "भावाभावांत असं जमिनीवर बसतात का?"

१ डिसेंबर

खालच्या खोलीत आहे. दोन बाजा. दिनेश पलीकडे. फोन घेतला. वही घेतली नाही. काकूंनी ती चाळली, सगळी, शेवभाजीपर्यंत, आणि परत उशाशी ठेवली. म्हणाल्या, अजितलाही लिहायची आवड होती. त्यांच्याबद्दल मी जे जे लिहिलंय ते वाचून त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

नवनीतभाई पाय धरतात, ती सुई देते. तो मला बघत नाही. तीन वर्षांत त्याने या बाईला एकदाही नाही म्हटलं नसेल, आणि मी त्याला मांजर म्हणून मजा घेत होतो.

२ डिसेंबर

माझ्या फोनवरून ती आईला मेसेज करते. माझं बोट धरून लॉक उघडते. मोठ्याने वाचून दाखवते. तब्येत बरी आहे, इथली माणसं फार चांगली आहेत. शब्द अगदी माझेच, तोऱ्यासकट. आई उलट हसरे चेहरे पाठवते.

दिनेशशी बोललो, तुटक तुटक. नाशिकला त्याची बहीण आहे, सीमा. तिलाही बहुतेक असेच मेसेज जातात. भिकुबाईचं विचारलं. त्याने डोळे मिटले. म्हणाला, त्या दिवशी पहाटे मोरीतून आवाज — म्हसावदला नाही गेली —

मी नक्कल करून दाखवली होती. काकू हसल्या होत्या.

३ डिसेंबर

तिने आज दोघांच्या मध्ये स्टूल टाकलं. माझा हात एका हातात, दिनेशचा दुसऱ्या. बराच वेळ. मग नवऱ्याला शांतपणे म्हणाली की एका घरात दोन अजित कसे राहतील.



४ डिसेंबर, दत्तजयंती

जत्रा सुरू. कर्णे, ढोल, घोड्यांचं खिंकाळणं, सगळं खिडकीतून येतंय. हजारो माणसं हाकेच्या अंतरावर. ओरडून पाहिलं. माझा आवाज माझ्या हनुवटीपलीकडे जात नाही.

दुपारी ती आली. दिनेशचे केस विंचरले. धुतलेला सदरा घातला, त्याचा स्वतःचा. आणि म्हणाली, "चल, दिनेश. घोडे बघून येऊ."

दिनेश. पहिल्यांदा.

तो मुलासारखा हसला. त्याला वाटलं सोडतायत. मलाही वाटलं. मलाही — हेवा वाटला त्याचा. नवनीतभाईने त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आडवा केला, वर सतरंजी घातली, सतरंजीवर पपईच्या रिकाम्या पाट्या. डोक्यावरून पूर्ण घातली सतरंजी. बाहेर जाणाऱ्या माणसाला कोणी —

ट्रॅक्टर जत्रेकडे नाही गेला. पुलाच्या बाजूला, नदीकडे. ऐकलं मी.

५ डिसेंबर

ट्रॉली धुतली. पलीकडची बाज अंगणात उन्हाला उभी केली.

ती मला अजित म्हणते. मी ओ देत नाही. मग पाणी नाही. संध्याकाळी ओ दिली.

६ डिसेंबर

रतिलाल आला.

ओट्यावर त्याचा आवाज. माझ्याबद्दल विचारत होता. नवनीतभाईने सांगितलं की साहेब आठ दिवसांपूर्वी पहाटेच्या एसटीने गेले, काही न सांगता. रतिलाल म्हणाला, "ह्या पुनाना साहेब लोक टिकतस नहीत." हसला. राग नव्हता हसण्यात. माझ्यासारख्या माणसाकडून त्याने दुसरं काही धरलंच नव्हतं.

मी बाजेवरून खाली पडलो. मुद्दाम. आवाज झाला.

काकू त्यालाच आत घेऊन आल्या! म्हणाल्या, पोरगा पडला बघ, जरा उचलू लाग. त्याने काखेत हात घातला. तोच तंबाखूचा वास. त्याचा चेहरा वीतभर अंतरावर. मी म्हणालो, रति — जीभ गोधडीसारखी — रति —

त्याने पाहिलं माझ्याकडे. नीट पाहिलं. मिशी नाही, भांग उजवीकडे, चौकड्यांचा शर्ट. नऊ दिवस मी त्याच्याबरोबर काम केलं, आणि त्याला मान वर करून माझ्याकडे बघायची मुभा कधी दिली होती?

"बिचारा," म्हणाला. "कितला वाळी गया पोऱ्या." डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. माझ्यासाठी. अजितसाठी.

जाताना दारात थांबला. वाटलं, आता. आता कळलं त्याला. तो म्हणाला, "ताई, वरनी खोली रिकामी शे का? सोमवारले नवा साहेब ई ऱ्हायना. जयगावना शे, एकलाच शे."

सोमवारी नवा साहेब येतोय, जळगावचा, एकटाच. मग काकूंनी विचारलं, वय काय त्याचं.

७ डिसेंबर

ओ देतो. लगेच देतो. दूध मागून घेतो. आई म्हणतो तिला. अजितच्या लहानपणीचं सांगते ते पाठ करतो, शाळा, कुत्रा, पोहायला कधी शिकला. चुकत नाही. मी चांगला अजित आहे. दिनेशपेक्षा चांगला. हे तिला दिसायला हवं.

ती नुसती बघते. काल पडलास, म्हणाली. अजित असा मुद्दाम पडला नसता.

८ डिसेंबर, सोमवार

सकाळपासून वर झाडलोट. बादल्यांचा आवाज. राउटर चालू केलाय, हिरवा दिवा दिसतो दारातून.

अकरा वाजता फाटक वाजलं. पावलं. जिन्यावरून वर गेला कोणी, बॅग घासत. हसला. तरुण आवाज. भिंतीच्या रंगावरून काहीतरी बोलला. हसतोय —

ओरडतो. येत नाही आवाज. भांडं आपटलं. वरती पंख्याचा —

नवनीतभाई अंगणात. ट्रॅक्टर सुरू. रडतोय तो. रडत रडत पाट्या भरतोय.

ती आली. कंगवा आहे हातात. माझा शर्ट आहे, माझा, पुण्याचा, इस्त्री केलेला. भांग पाडते आहे. डावीकडे. मी म्हणतोय आई, मी अजित, आई मी अजितच, विचार मला काहीही विचार —

ती कानाशी वाकली. किती प्रेमाने म्हणाली, माझ्या खऱ्या नावाने, चल, निरं